काचेआडचा उजेड

माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ खाली काढायचा, आतले सामान भंगारात घालायचे आणि रिकाम्या लाकडी पेटीत ब्लूटूथ स्पीकर बसवायचा, ही हौस आता जळगाव-धुळ्याच्या दिवाणखान्यांतही आमच्या पाहण्यात येते. आमचा आक्षेप हौसेला नाही. तिच्यामागच्या सौंदर्यकल्पनेला आहे.

व्हॉल्व्हचे देखणेपण त्याच्या कामातून आलेले असते. आतली तार तापल्याखेरीज कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. नारिंगी उजेड त्या तापण्याचा. काच असते आतली निर्वात पोकळी राखण्यासाठी. काचेवरचा चंदेरी मुलामा बेरियमचा. उरलासुरला वायू तो शोषून घेतो आणि काचेला तडा जाऊन हवा शिरली, की पांढरा पडतो. १९३५पासून काही रेडिओंत आलेला हिरवा 'जादूचा डोळा' तर केंद्र नेमके लागले, की आपली सावली आक्रसून तसे सांगत असे.

आज काही स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरांत व्हॉल्व्हखाली नारिंगी एलईडी लावतात. तो उजेड व्हॉल्व्ह निकामी झाला तरी तसाच राहतो. काव्यातले अलंकार शिकवताना आम्ही हाच भेद सांगत असतो: अर्थातून उमललेली उपमा वेगळी, ओळीला वरून चिकटवलेली वेगळी.

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. जुना रेडिओ थेट विजेला जोडू नये, आतला विद्युतदाब जीवघेणा असतो. आधी जाणत्या कारागिराला दाखवावा. दुरुस्त झाला नाही, तरी आतले व्हॉल्व्ह पेटीतच राहू द्यावेत. तो आवाज कशातून निघत होता, हे मुलांना निदान पाहता तरी येईल.