पारा पस्तिशीत, उकाडा पन्नाशीत

विदर्भात पारा ४५ अंशांवर गेला की बातमी होते. तेव्हा पालघर, बोईसर, तारापूर भागात ३५ अंशांच्या आसपास तापमान असेल, तर किनारपट्टी सुखात आहे, असे मानले जाते. हा समज धोक्याचा आहे. शरीराला पाऱ्याबरोबर हवेतली आर्द्रताही सोसावी लागते. तापमान ३५ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर सावलीतही सुमारे ५० अंशांइतका उकाडा जाणवतो.

घाम नुसता येऊन अंग थंड होत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि क्षार बाहेर पडतात, उष्णता आतच राहते. त्वचेकडे रक्त पाठवताना हृदय दमते, मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो. हा ताण मोजण्यासाठी ओले फडके गुंडाळलेली तापमापी वापरतात. तिच्यावरचे ३५ अंश ही माणसाच्या सहनशक्तीची मर्यादा मानली जात असे. मात्र अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या २०२२ मधील प्रयोगांत दमट हवेत धडधाकट तरुणांचे शरीरही सुमारे ३१ अंशांवरच हार मानू लागले.

किनाऱ्याला तारतो तो दुपारचा समुद्रवारा. पूर्वेकडचा वारा जोरात असला की तो उशिरा येतो आणि काहिली वाढते. शिवाय समुद्रही तापतो आहे. १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळ्यातील तापमान सुमारे १.२ अंशांनी वाढले.

हवामान खात्याच्या निकषानुसार किनाऱ्यावर उष्णतेची लाट ठरण्यासाठी कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश अधिक असावे लागते. दमट उकाड्याचा इशारा खाते वेगळा देते, पण तो कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचायला हवा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी परिसरात ३८ अंशांच्या आसपास तापमान होते.

तारापूर औद्योगिक वसाहतीत तर उष्णता दुहेरी आहे. बाहेर दमट हवा, आत बॉयलर, भट्ट्या आणि तापलेले पत्रे. त्यातच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. अशा हवेत राबणाऱ्या कामगारांच्या फुफ्फुसांवर आधीच भार असतो. सातपाटीत उन्हात मासळी वाळत घालणाऱ्या बाया आणि वीटभट्टीवरचे आदिवासी मजूर यांनाही हा उकाडा चुकत नाही.

उपाय महागडे नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्यानेच कामाच्या जागी खेळती हवा आणि सुसह्य तापमान अनिवार्य केले होते. अडीचशेहून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाण्याचीही तरतूद होती. आता प्रत्येक कारखान्यात तापमानासोबत आर्द्रता मोजून फलकावर लिहावी आणि त्यानुसार विश्रांतीच्या वेळा ठराव्यात. जड कामे सकाळी उरकावीत. गावाहून नव्याने आलेल्या कामगाराचे शरीर उकाड्याला सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर त्याच्यावर पूर्ण पाळीचा भार टाकू नये.

काम करताना एखादा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला वा बेशुद्ध पडला, तर उष्माघाताची शंका घ्यावी. अंग कोरडे असेलच असे नाही, राबणाऱ्याचे अंग घामाने भिजलेलेही असते. रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबू नये. त्याला सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर सतत पाणी ओतावे, पंख्याचा वारा द्यावा. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नये. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

हे कारखान्यातील प्रत्येक मुकादमाला ठाऊक असले पाहिजे. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, पण त्याचा उन्हाळा आजही नागपूरच्या मापाने मोजला जातो. जिल्हा प्रशासनाने आर्द्रता धरून स्वतःचा उष्णता आराखडा राबवावा आणि दमट उकाड्याने आजारी पडणाऱ्यांची रुग्णालयांत वेगळी नोंद ठेवावी. नोंदच नसेल, तर उकाड्याने गेलेला माणूस कागदावर केवळ ‘हृदयविकार’ म्हणून उरतो आणि पुढच्याला वाचवण्याची संधी हुकते.