वापरलेल्या वस्त्राची प्रतिष्ठा

वापरलेले कपडे अंगावर चढविणे हे दारिद्र्याचे किंवा कृपणतेचे लक्षण होय, हा समज आपल्या मध्यमवर्गाच्या मनात खोलवर रुजलेला आहे. म्हणूनच महाविद्यालयात जाणारी एखादी मुलगी पुण्याच्या जुन्या बाजारातल्या ढिगातून निवडलेला ढगळ पुरुषी सदरा, आजीच्या पेटीतील खणाचा तुकडा आणि मावसबहिणीला आखूड झालेला घागरा यांचा मेळ घालून हौसेने घराबाहेर पडते, तेव्हा तिच्या रसिकतेचे कौतुक होण्याऐवजी ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न तिच्या वाटेत आडवा येतो. या प्रश्नाला आता स्पष्ट उत्तर दिले पाहिजे. कारण अशा वेषभूषेत जी कल्पकता आणि जो निर्व्याज आनंद असतो, तो दुकानातून तयार पोशाख उचलून आणण्यात क्वचितच आढळतो.

वस्त्राला पूर्वी कोणी धनी होता, एवढ्यानेच ते हीन ठरते, असे आपल्या समाजाने सरसकट कधी मानलेले नाही. मोगल दरबारात खिलत देण्याचा जो दस्तूर होता, त्यात बादशहाने स्वतःच्या अंगावर वागविलेले वस्त्र मिळणे हा सरदाराचा परमोच्च बहुमान समजला जाई. कोल्हापूरच्या अंबाबाईला नेसवलेली साडी भाविक आजही प्रसाद म्हणून मोल देऊन घेतात आणि सणासुदीला मोठ्या श्रद्धेने नेसतात. घरात बाळ जन्माला आले की त्याला पहिल्यांदा गुंडाळावयाचे ते आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यात, कारण कोऱ्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला बोचते. आणि तीच लुगडी पुढे थरावर थर ठेवून, दोरे भरून, गोधडीच्या रूपाने तीन पिढ्यांना ऊब देतात. राजसत्ता, देवघर आणि माजघर या तिन्ही ठिकाणी वापरलेल्या वस्त्राला मान होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची लाज नेमकी कोठून आली, याचा शोध घेणे प्राप्त होते.

ती लाज आली देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या विषम नात्यातून. ज्यांना गावगाड्याने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या वाट्याला दुसऱ्याचे उतरलेले कपडे आले ते निवडीने नव्हे, तर सक्तीने. त्या वस्त्राबरोबर त्यांच्या पदरी कनिष्ठपणाचा शिक्काही पडत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लुगडे नेसण्याची जातिदर्शक पद्धत सोडण्याचा आग्रह धरला आणि अंगावरचे वस्त्र ठिगळांचे असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असले पाहिजे, असे बजावले. या उपदेशाचे मर्म आजही आपल्या उपयोगाचे आहे. ठिगळात अप्रतिष्ठा नाही. आपण काय ल्यावे हे दुसऱ्याने ठरवावे, यात ती आहे. म्हणून ज्याने स्वतःच्या आवडीने आणि रास्त दाम मोजून जुना सदरा निवडला, त्याच्या इभ्रतीला त्या सदऱ्याने यत्किंचितही बाध येत नाही. मात्र मोलकरणीच्या हाती फाटके कपडे कोंबून त्याला औदार्याचे नाव देणाऱ्याने आपल्या अंतःकरणाची तपासणी अवश्य करावी.

निवडीचा अधिकार मान्य झाला की मग निवडीची कला येते. आणि हा खेळ असला तरी त्याला नियम आहेत. पहिला नियम खांद्याचा. लांबी, कंबर आणि बाही यांत कोणताही बरा शिंपी फेरफार करून देतो, परंतु खांद्याची शिवण हलविणे अवघड असते. म्हणून सदरा किंवा जाकीट घेताना खांदा बसतो की नाही हे आधी पाहावे, अथवा तो ढगळच ठेवावयाचा असे ठरवून कमरेशी गाठ मारावी. दुसरा नियम पारखीचा. काख, कोपर आणि गळपट्टी या ठिकाणी कापड आधी विरते; तेव्हा वस्त्र उजेडाकडे धरून पाहिल्यावाचून घेऊ नये. तिसरा नियम जीर्ण रेशमाचा. जुनी पैठणी घडीवर चिरते, म्हणून तिच्यापासून ताण पडणारी चोळी शिवण्याऐवजी तिचा पदर अस्तर लावून साध्या जाकिटाच्या पाठीवर बसवावा, म्हणजे वस्त्रही टिकते आणि त्यातले मोरही डोळ्यांना दिसत राहतात. चौथा नियम संयमाचा. एका वेळी एकाच वस्त्राला बोलू द्यावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. इरकली काठाची ओढणी असेल तर कुडता कोरा असावा, आणि आजोबांचे चौकड्यांचे जाकीट असेल तर खाली एकरंगी सदरा असावा.

एवढे सांभाळले की पुढे मुभाच मुभा आहे. नऊवारीत कापड भरपूर असल्याने तिच्यातून घेरदार परकर निघून वर ओढणीपुरते कापड उरते. वडिलांचा बिनवापराचा टाय परकराचा कमरपट्टा होऊ शकतो. आणि कोपरावर फाटलेल्या स्वेटरला बेमालूम रफू करण्याऐवजी मुद्दाम दिसेल अशा नारंगी धाग्याने भरले, तर तेच त्याचे भूषण ठरते. हा खेळ मुलींपुरता मर्यादित राहण्याचेही काही कारण नाही. पुरुषांच्या वेषातील करडा-निळा एकसुरीपणा मोडण्यासाठी खणाच्या कापडाचा एक खिसासुद्धा पुरेसा असतो.

या हौसेला जबाबदारीची बाजूही आहे. २००० ते २०१५ या काळात जगातील कपड्यांचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले आणि प्रत्येक कपडा अंगावर घातला जाण्याचे प्रमाण मात्र घटले, असे अभ्यासक सांगतात. श्रीमंत देशांनी टाकलेल्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या हरयाणातील पानिपतला येऊन पडतात व तेथे त्यांच्यापासून पुन्हा सूत आणि घोंगड्या तयार होतात. परंतु कारखान्यात पिंजला जाण्यापूर्वी धडधाकट सदऱ्याला दुसरे आयुष्य मिळणे हाच अधिक शहाणपणाचा मार्ग होय. अर्थात, जुने कपडे स्वस्त मिळतात म्हणून त्यांचेच ढीग घरात रचणे हा हव्यासाचा केवळ दुसरा प्रकार आहे. शिवाय ज्यांना पर्याय नाही अशी कुटुंबे याच बाजारावर अवलंबून असतात, हे हौशी ग्राहकाने विसरू नये. शाळेचे गणवेश, मुलांचे कपडे आणि थंडीचे स्वेटर त्यांच्यासाठी सोडून आपण विचित्र मापाचे, जुन्या धाटणीचे, कोणी न घेतलेले कपडे उचलावेत. आपल्या खेळासाठी तेच अधिक उपयोगी असतात.

या व्यवहाराच्या मुळाशी जी माणसे आहेत, त्यांचा हिशेब मात्र आपण आजवर नीट केलेला नाही. एका पातेल्याच्या बदल्यात कपड्यांचे गाठोडे नेणारी, ते डोक्यावर वाहून नेऊन घरी धुणारी, शिवणारी आणि बाजारात मांडणारी बोहारीण ही या सर्व पुनर्वापराची खरी सूत्रधार आहे. आणि तिच्याशीच आपण एका चमच्यासाठी घासाघीस करतो. रफूगार आणि कोपऱ्यावरचा शिंपी यांचीही अवस्था फारशी वेगळी नाही. म्हणून वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, येत्या दिवाळीला नव्या खरेदीस निघण्यापूर्वी घरातील पेटी उघडून तिच्यातून निदान एक पोशाख तरी सिद्ध करावा, शिंप्याला त्याची मजुरी पूर्ण द्यावी, बोहारणीशी सन्मानाने सौदा करावा, आणि मुलगी आजीचा खण लेऊन निघाली तर तिला अडवू नये.