संगणक, मोबाईल आणि एकच कार्यप्रणाली

पाचवीत नव्याने दाखल झालेला विद्यार्थी संगणककक्षात प्रथमच बसतो, तेव्हा माऊसकडे न पाहता पडद्यावर बोट टेकवितो. त्यात हसण्यासारखे काही नाही. त्याच्या घरी संगणक नाही, मोबाईल मात्र आहे. कोरोनाकाळातील वर्ग थोरल्या भावंडांनी त्यावरच केले. मग दोन्ही यंत्रांची कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, एकच का असू नये, हा प्रश्न रास्तच आहे.

तो मोठमोठ्या कंपन्यांनाही पडला होता. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ ने संगणकाच्या पडद्यावर मोबाईलला शोभतील असे चौकोन मांडले आणि परिचयाचे स्टार्ट बटण काढून टाकले. लोक इतके गोंधळले, की पुढल्याच वर्षी ते बटण परत आणावे लागले. उबुंटूनेही फोन व संगणक यांसाठी एकच रूप घडविण्याचा खटाटोप केला आणि २०१७ मध्ये तो सोडून दिला. गाभा एक असण्यास आमचा आक्षेप नाही. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली आणि मोबाईलमधील अँड्रॉइड या दोहोंच्या तळाशी लिनक्सच आहे. परंतु लाकूड एकच म्हणून खाडीतली होडी आणि समुद्रातले गलबत कोणी एकाच मापाने बांधीत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण घराण्यातून प्रथमच कचेरीच्या नोकरीकडे वळणारे आहेत. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द लागतो, आणि राज्य परीक्षा परिषदेची ती परीक्षा संगणकावर होते. दोन अंगठ्यांनी चपळाईने लिहिणारा मुलगा तेथे अडखळतो. मोबाईलवर तो रोमन अक्षरांतून मराठी उमटवितो, यंत्राने सुचविलेला शब्द उचलतो, ऱ्हस्वदीर्घाचा निर्णयही त्याच्यावरच सोपवितो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘विद्यार्थी’ लिहायचा, तर द आणि य यांच्यामध्ये हलन्ताची कळ दाबावीच लागते. जोडाक्षर कसे घडते, ते बोटांना कळते. हे शिक्षण मोबाईलच्या सोयीत विरून जावे, असे आम्हांस वाटत नाही.

जे एक व्हायला हवे होते, ते युनिकोडमुळे पुष्कळसे झालेच आहे. फोनवर लिहिलेला मजकूर संगणकावर जसाच्या तसा उघडतो. छापखान्यातील जुन्या फॉन्टांत जोडाक्षरे अजून फुटतात, हा वेगळा ताप. या स्मरणिकेच्या मुद्रितशोधकांना तो विचारावा!

मोबाईलचे मोल आम्ही नाकारीत नाही. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड-दापोलीकडील कित्येक गावे अनेक दिवस विजेविना होती. तेथे संगणक असता तरी तो मुकाच राहिला असता. तथापि काही हितचिंतक सुचवितात, की दोन्ही यंत्रे पुढेमागे एकच होणार असल्याने संगणककक्षावर खर्च न करता मुलांना टॅब द्यावेत. ही सूचना आम्हांस मान्य नाही. टॅब कोणी दिल्यास आम्ही आनंदाने स्वीकारू, परंतु कक्षाला कुलूप लावून नव्हे. त्यांच्यासोबत जोडण्याजोगे कळफलकही द्यावेत, म्हणजे सुट्टीत गावी गेलेल्या मुलीलाही दहा बोटांचा सराव चालू ठेवता येईल.