बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

भोपाळातल्या आपल्या जुन्या मराठी घरांत पाळणा हलला की पहिला प्रश्न ‘काय झाले?’ आणि दुसरा ‘वजन किती?’ असा असतो. बाळंतिणीविषयी विचारायचे ते ‘सुटका नीट झाली ना?’ एवढेच. ‘तुला कसे वाटते?’ हे तिला क्वचितच कोणी विचारतो. विचारलेच, तर खरे उत्तर ऐकून घ्यावयाची आपली तयारी नसते.

या शहराला स्त्रियांच्या आरोग्याची जुनी परंपरा आहे. सुलतान जहाँ बेगमांच्या कारकिर्दीत (१९०१–१९२६) दायांना शिकविण्याची व्यवस्था झाली. त्यांच्या नावाच्या सुलतानिया जनाना रुग्णालयात आपल्यापैकी कित्येकांचा जन्म झाला. शरीर वाचविण्याची विद्या घरोघर पोहोचली, मनाची मात्र मागे राहिली.

हे दुःख आजचे नव्हे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी माता झाल्या. मूल दहा दिवसांत गेले. त्यातूनच त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. पण असे दुःख सोसणारी प्रत्येक स्त्री आनंदीबाई होत नाही. भोपाळात १९८४ च्या वायुकांडानंतर पाहणी झालेल्या ८६५ गर्भवतींपैकी सुमारे ४३ टक्क्यांच्या पदरी जिवंत मूल पडले नाही. मृतांची मोजदाद करणारे पुष्कळ निघाले; रिकाम्या ओटीने उरलेल्या आयांची विचारपूस करणारे थोडेच.

एवढा मोठा आघात नसला तरी गरोदरपणातली धास्ती, कळा देताना ऐकावी लागलेली खेकसणी, ऐनवेळची शस्त्रक्रिया यांचे ओरखडे मनावर राहतात. पहिल्या आठवड्यातले रडू बहुधा पंधरवड्यात ओसरते. ते टिकले, झोप-भूक उडाली, बाळाविषयी माया वाटेनाशी झाली, तर तो आजार समजावा. भारतातील पाहण्या एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात सुमारे २२ टक्के बाळंतिणींत अशी खिन्नता आढळली. हजारी एखाददुसरीला भ्रम होतो; तेव्हा तर एक दिवसही न दवडता डॉक्टर गाठला पाहिजे.

आपल्या रीतींत शहाणपण होते. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना विश्रांती, तेल-शेक, डिंकाचे लाडू: यांत अंगाबरोबर मनालाही आधार मिळे. परंतु त्याच अंधाऱ्या खोलीत उदास मुलीला ‘बाहेरची बाधा’ झाली म्हणून अंगारे लावले गेले, किंवा ‘आम्ही नाही का काढली बाळंतपणे?’ म्हणून तिचे तोंड बंद केले गेले. शेक ठेवावा, हे बोलणे टाकावे.

उपचारास गेले तर मूल दुरावेल, ही भीतीही अनाठायी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालील मुलास उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः वेगळे करता येत नाही. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर सल्ला विनामूल्य मिळतो.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या आज्या म्हणत. मग बारशाला जाल तेव्हा बाळाच्या हातावर काही ठेवण्यापूर्वी या दुसऱ्या जन्मलेल्या जिवाजवळ घटकाभर बसा, आणि ती बोलेल ते मधे न बोलता ऐका.