जंताची गोळी: अफवा आधी पोचते, माहिती नंतर

ऑगस्ट आला की शाळांमध्ये जंतनाशक मोहिमेची तयारी सुरू होते आणि मोहल्ल्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न फिरू लागतो, "ही गोळी कशाची? आपल्याच मुलांना का?"

उत्तर सोपं आहे. ती सगळ्यांच्याच मुलांना देतात. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ मध्ये सुरू झाला. साधारणपणे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, १ ते १९ वयाच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. शाळा उर्दू असो की मराठी, सरकारी असो की खासगी, गोळी तीच. शाळेत न जाणाऱ्या मुलांना ती अंगणवाडीत मिळते.

तरीही भीती आहे, आणि तिला कारण आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका पालिका उर्दू शाळेतली मुलगी दगावली. त्याच आठवड्यात शाळेत गोळ्या वाटल्या होत्या. बातमी पसरली आणि घाबरलेल्या पालकांनी शेकडो मुलांना रुग्णालयात नेलं. पुढे शवविच्छेदनातून क्षयरोगाचं कारण समोर आलं. पण तोवर अफवा घरोघर पोचली होती. त्या पालकांना अडाणी म्हणणं चूक आहे. गोळी का देतात, त्रास झाला तर काय करायचं, हे त्यांना आधी कुणी नीट समजावलं असतं तर एवढी धावपळ झाली नसती.

मग खरा धोका कशाचा? जंताचा. गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी हे तीन मुख्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १५० कोटी लोकांना मातीतून पसरणाऱ्या जंतांची लागण आहे. उघड्यावर शौच झालं की अंडी मातीत मिसळतात. तिथून न धुतलेली भाजी, मळलेली बोटं, वाढलेली नखं यांतून ती पोटात जातात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. मूल फिकट दिसतं, लवकर दमतं, वर्गात लक्ष लागत नाही. आपण म्हणतो, "अभ्यासात कच्चा आहे." पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. सगळा दोष जंतांचा नाही, पण त्यांचा वाटा आहे.

गोळी चावून खायची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरा करून. मूल आजारी असेल किंवा दुसरं औषध चालू असेल तर शिक्षकांना आधी सांगा. त्या दिवशी गोळी चुकली तर नंतरच्या मॉप-अप फेरीत मिळते. पोटात जंत जास्त असतील तर मळमळ, पोटदुखी होऊ शकते. ती बहुधा थोड्या वेळात थांबते. थांबली नाही तर डॉक्टरकडे न्यायचंच.

पण गोळी आज पोटातले जंत मारते, उद्याची लागण रोखत नाही. ते काम घरचं. आपल्याकडे तहारतीसाठी पाणी वापरतात, दिवसातून पाच वेळा वुजू होतो, ही चांगली सवय आहे. मात्र शौचानंतर नुसतं पाणी पुरत नाही, साबण हवाच. जुम्याला नखं कापण्याची सवय मुलांनाही लावा. कोथिंबीर, पालक, गाजर भरपूर पाण्यात धुवा. पायात चप्पल हवी. आणि वस्तीत शौचालय तुंबलं असेल, नळाला पाणी नसेल, तर नगरसेवकाला जाब विचारणं हेही जंतनिर्मूलनच.

आणखी एक गोष्ट आतापासून बोलायला हवी. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होण्याचा अंदाज आहे. १० फेब्रुवारीला मोठी मुलं रोजात असतील. गोळी नाकारली तर कागदावर "पालकांचा विरोध" अशी नोंद व्हायची. त्यापेक्षा मुख्याध्यापक, मशिदीचे ट्रस्टी आणि आरोग्य केंद्राने आधीच बसून आपल्या शाळांसाठी रमजानपूर्वीचा दिवस मागून घ्यावा.

शाळांनीही गोळीच्या आठवडाभर आधी पालकसभा घ्यावी, माहितीपत्रक उर्दूतही द्यावं. अम्मी-अब्बूंच्या प्रश्नांना शाळेत उत्तर मिळालं तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर शोधायला कशाला जातील?