दुधाच्या गावात डब्याचे राज्य

कडा-आष्टीच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात अनेक घरांची मीठ-मिरची दुधाच्या पगारावर चालते. पहाटे धार काढून किटली संकलन केंद्रावर जाते आणि त्याच पगारातून दुधात घालायच्या भुकटीचा डबा घरी येतो. जिच्या गोठ्यात गाय उभी आहे, त्या माउलीला ‘नुसत्या दुधाने मुलाचे भागत नाही’ हे कोणी पटवले? वैद्याने नव्हे, गुरुजींनी नव्हे. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीने!

जाहिरातकार मोठा धूर्त. तो दुधाला नावे ठेवत नाही. तो दोन मुले शेजारी उभी करतो, एक उंच, एक बुटके. आणि कॅमेरा बुटक्या मुलाच्या आईच्या ओशाळलेल्या चेहऱ्यावर नेतो. डबा त्यानंतर दिसतो. म्हणजे आधी विकला जातो तो अपराधभाव, आई म्हणून आपण कमी पडलो हा! मातृत्वाला देवत्व देणाऱ्या समाजात याहून हुकमी भांडवल कोणते? चंगळवाद घरात उंबरठा ओलांडून येत नाही, तो असा वात्सल्याच्या वाटेने येतो.

या दाव्यांची किंमत काय, हे ब्रिटनमध्ये २००८ साली दिसले. मुले उंच, बलवान, चलाख होतात असे सांगणारी हॉर्लिक्सची जाहिरात तेथे एका आशियाई वाहिनीवर झळकली आणि जाहिरात नियामकाने ती रोखली. कंपनीचा खुलासा असा की, ती बांगलादेशी प्रेक्षकांसाठी होती! लंडनच्या मुलाला जे सांगणे गैर, ते आमच्या उपखंडातील मुलाला सांगणे रास्त.

आपल्याकडे जाग यायला २०२३ उजाडले. बोर्नव्हिटाच्या शंभर ग्रॅम भुकटीत ३७.४ ग्रॅम साखर वरून घातलेली असल्याचे डब्यावरच छापलेले होते, पण वाचत कोण होते? एका तरुणाने ते चित्रफितीतून दाखवले, तेव्हा कंपनीने आधी त्यालाच नोटीस धाडली. पुढे राष्ट्रीय बालहक्क आयोगाने कंपनीला जाब विचारला आणि वर्षअखेरीस साखर ३२.२ ग्रॅमवर आली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी उत्पादने ‘आरोग्य पेय’ या वर्गातून काढायला सांगितले. अन्नसुरक्षा कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही. ज्या शब्दावर पिढ्या पोसल्या, तो शब्दच बिनबुडाचा!

स्वदेशीचे नाव घेणाऱ्यांनाही निराळा न्याय नको. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल पतंजलीला २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात क्षमा मागावी लागली, याची लाज परक्यांच्या लबाडीपेक्षा आपल्याला अधिक वाटली पाहिजे.

आपल्या मातृमंडळांच्या पुढच्या बैठकीत एखादा डबा आणावा, पाठीमागची बारीक अक्षरे मोठ्याने वाचावीत आणि त्याच्या किमतीत किती लिटर दूध घरी राहिले असते, हे फळ्यावर मांडावे. शेजारी शेंगदाणा-गुळाच्या लाडवाचा हिशेबही लिहावा.