पंपाची जागा आणि मालकाचे मौन

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. त्यातील व्यवहारज्ञान खरे आहे. परंतु त्याचा अर्थ 'गप्प बसावे' असा घेतला, तर तो महागात पडतो. पेट्रोल पंपासाठी तेल कंपनीला भाडेपट्ट्याने जागा देणाऱ्या भूधारकांच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते.

लखनऊमधील आलमबाग हा कानपूर रोडवरील गजबजलेला भाग. सप्टेंबर २०१७ मध्ये लखनऊची पहिली मेट्रो येथूनच धावू लागली. अशा रस्त्यावरील जागेचे मोल झपाट्याने बदलते; पट्ट्यातील भाडे मात्र मागे राहते. समजा, दरमहा १०,००० रुपये भाडे आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ ठरली. विसाव्या वर्षी भाडे १८,००० रुपयांच्याही आत राहील. त्याच काळात जमिनीचा दर वर्षाला केवळ ७ टक्क्यांनी वाढला, तरी तो जवळजवळ चौपट होतो. बहुतेक वादांचे मूळ या तफावतीत असते.

जुन्या पट्ट्यांना आणखी एक इतिहास आहे. १९७४ ते १९७७ या काळात एस्सो, बर्मा शेल व कॅल्टेक्स या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. मूळ पट्टा संपल्यावर त्याच अटींवर नूतनीकरण मागण्याची सोय त्या वेळच्या कायद्यांत होती. परिणामी, अनेक मालकांना जुन्याच भाड्यावर समाधान मानावे लागले. २००७ मध्ये भारत पेट्रोलियमच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सरकारी कंपनीने हा हक्कही न्याय्य व वाजवी रीतीनेच वापरला पाहिजे. पुढे २०१६ मध्ये हे राष्ट्रीयीकरणाचे कायदेच रद्द झाले. त्यामुळे आज नव्याने होणाऱ्या पट्ट्यात नूतनीकरणाचा हक्क करारातील शब्दांवरच उभा असतो. ते शब्द सही करण्यापूर्वी वाचावेत, नंतर नव्हे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक बाब महत्त्वाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे संरक्षण बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद सार्वजनिक उपक्रमांना लागू असल्याचे मान्य केले. बडा भाडेकरू दुबळा नसतो, हे त्यामागील तत्त्व.

मुदत संपल्यावरही कंपनी जागेवर राहिली तर? येथेच मालकाचे मौन घातक ठरते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ११६ नुसार, मुदतीनंतर मालकाने भाडे स्वीकारले वा अन्य प्रकारे संमती दिली, तर भाडेकरार पुढे चालू राहिल्याचे मानले जाऊ शकते. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन येथे भूधारकाच्या अंगाशी येते. म्हणून मुदत संपण्यापूर्वी वर्षभर आधी लेखी पत्र द्यावे. नंतर रक्कम आलीच, तर ती नुकसानभरपाईपोटी व हक्क राखून घेत असल्याचे तत्काळ लेखी कळवावे.

मालकाच्या हाती आणखी एक साधन आहे. पेट्रोल साठवणुकीचा परवाना देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. परवानाधारकाचा जागेवरील हक्क संपला, तर परवाना रद्द होऊ शकतो. हा हक्क कायदेशीर असावा लागतो, केवळ ताबा पुरेसा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले आहे.

अर्थात, कंपनीचीही बाजू आहे. भूमिगत टाक्या आणि यंत्रसामग्री यांवर तिचा खर्च झालेला असतो, विक्रेत्याची उपजीविका तेथे असते. म्हणून जागा रिकामी करून घेणे हे पहिले उद्दिष्ट नसावे, वाजवी भाडे हे असावे. प्रथम वाटाघाटी, मग मध्यस्थी. पट्ट्यात लवादाचे कलम असेल तर तोही मार्ग खुला आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याखालील असे वाद लवादापुढे नेता येतात, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. शेवटचा उपाय दिवाणी न्यायालय. तेथे ताब्याबरोबर मुदतीनंतरच्या काळासाठी बाजारभावाने भरपाईही मागता येते.

बँक अधिकारी म्हणून आणखी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृतच असावा. पुढे त्याच जमिनीवर कर्ज मागताना आमचा पहिला प्रश्न त्याविषयीच असतो. दुसरी गोष्ट आपल्या कर्मचारी बंधुभगिनींसाठी. आपल्या शाखाही अनेक ठिकाणी भाड्याच्या जागेत आहेत. तेल कंपनीकडून ज्या वाजवीपणाची अपेक्षा आपण करतो, तीच आपल्या घरमालकालाही आपल्याकडून असते. त्याच्या पत्राला वेळेवर उत्तर देणे, ही त्याची सुरुवात ठरावी.